कंसातली वाक्ये
(तृतीय वर्ष, कला)

तर्कशास्त्र घेतलेल्या विद्यार्थ्याला आमच्या माळशिरसात एक प्रश्न ठरलेला असतो : "ह्याचा पुढे उपयोग काय?" शेतकीची पदविका घेणाऱ्याला तो कोणी विचारत नाही. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत मला त्याचे एक उत्तर सापडले. परंतु ते इतके आडवळणाचे आहे की पारावर बसून सांगता येत नाही. म्हणून येथे लिहितो.

माझा मामेभाऊ पुण्याला संगणकाचे काम करतो. 'सिद्धता-सहायक' नावाचा एक प्रोग्रॅम असतो, तो त्याच्या रोजच्या वापरातला. आपण एखाद्या प्रमेयाची सिद्धता पायरीपायरीने लिहून द्यायची, आणि यंत्राने प्रत्येक पायरी नियमाला धरून आहे की नाही ते पाहायचे. आपल्या वर्गात सर फळ्यावर संवाक्य तपासतात तसेच. फरक एवढाच, की यंत्र कंटाळत नाही आणि चेहरा पाहून गुण देत नाही. कोणताही नकाशा चार रंगांत असा रंगवता येतो की लगतच्या दोन प्रदेशांना एकच रंग येणार नाही, हे प्रमेय आपण ऐकले असेल. आपल्या जिल्ह्याचे अकरा तालुके घेऊन घरी करून पाहावे. २००५ साली जॉर्ज गोंतिए यांनी त्याची संपूर्ण सिद्धता अशाच एका साधनाकडून तपासून घेतली. त्या साधनाचे नाव 'कॉक'. १९८४ च्या सुमारास फ्रान्समध्ये त्याच्यावर काम सुरू झाले.

पुढे हे नाव बदलायचे ठरले, कारण इंग्रजी कानांना ते अवघड वाटे. २०२५ च्या मार्चमध्ये नवी आवृत्ती आली ती 'रॉक' या नावाने. ज्या रोकांकूर गावच्या संशोधन केंद्रात ते जन्मले, त्या गावाची आठवण या नावात आहे. म्हणजे आपल्याकडे गावाला 'कर' लावून आडनाव करतात त्यातलाच प्रकार. फ्रेंच लोकांना हे इतक्या उशिरा सुचले, एवढेच.

नाव बदलले की कागद बदलावे लागतात. 'कॉकसी' ही आज्ञा आता 'रॉक कम्पाइल' अशी द्यायची. जी प्रमाण ग्रंथसूची 'कॉक' म्हणून बोलवायची, ती आता 'स्टडलिब' म्हणून. दादाने व त्याच्या दोन मित्रांनी २०२१ साली या साधनावर बेतलेला एक छोटा प्रोग्रॅमसंच केला होता आणि इतरांनी तो कसा वापरावा याची पुस्तिका लिहिली होती. कोणत्या नावाने हाक मारायची, काय द्यायचे आणि काय परत मिळेल, अशा नव्वदएक नोंदी. तो मला म्हणाला, "तुला प्रोग्रॅमिंग येत नाही, हेच मला हवंय. वाच आणि कुठे अडतोस ते सांग."

हे काम मला परके वाटले नाही, याचे कारण घरात आहे. आमचे आजोबा वारले तेव्हा वारसनोंद वेळेवर झाली नाही. जमीन वडील कसत होते, पाटाचे पाणी रात्री उठून तेच धरत होते. सातबाऱ्यावर मात्र आजोबा आणखी तीन वर्षे शेती करीत राहिले. पीककर्जाच्या वेळी कागदाने वडिलांना ओळखले नाही. त्या वर्षी उसाची लागण उसनवारीवर झाली. शेवटी फेरफार मंजूर झाला, आजोबांच्या नावाला कंस पडला आणि खाली वडिलांचे नाव चढले.

कंसावरून आठवले. रॉकमध्ये माणसांसाठी जे समजावून लिहायचे, ते कंस आणि तारका यांच्यामध्ये लिहितात, आणि सिद्धता तपासताना यंत्र तेवढा मजकूर ओलांडून पुढे जाते. जुने नाव कुठे राहून गेले असेल तर ते पुष्कळदा इशारा देते. कंसातले वाक्य खोटे असेल तर चकार शब्द काढीत नाही.

पुस्तिकेतली एक नोंद अशी होती (मूळ इंग्रजी, मराठी माझे) : 'दोन नैसर्गिक संख्या घेते व त्यांच्यातील फरक देते.' मी दादाला विचारले, "तीनातून पाच वजा केले तर?"

"शून्य. नैसर्गिक संख्यांत उणे काही नसतंच."

"पण तीन आणि पाचातला फरक दोन आहे."

"अरे, व्याख्या वाचली की कळतं ते."

"मग नोंद लिहिलीस कशाला, दादा?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. नंतर म्हणाला, "लिही तूच." मी लिहिले : 'पहिल्या संख्येतून दुसरी वजा करते, पहिली लहान असल्यास उत्तर शून्य.' या सूत्रावर आधारलेल्या साऱ्या सिद्धता यंत्राने बिनचूक ठरविल्या होत्या आणि त्या बिनचूकच होत्या. पण वाक्यावर विश्वास ठेवून कोणी हिशेबाचा प्रोग्रॅम केला असता, तर त्याला दोनाच्या जागी शून्य मिळाले असते आणि दोष कोठे आहे हे कळले नसते.

जुनी नावे खोडावीत की ठेवावीत यावर आमचा वाद झाला. दादाचे मत, खोडून टाक. माझे म्हणणे, ज्याच्या हातात २०२१ ची प्रत आहे त्याने काय करावे? अखेर सातबाऱ्याचीच पद्धत मान्य झाली : नवे नाव वर, आणि कंसात 'पूर्वीचे नाव'.

सर्वांत जास्त दिवस गेले ते 'किंवा' या शब्दावर. आपण पाठ्यपुस्तकात शिकतो की दोहोंपैकी एक सत्य असले म्हणजे 'किंवा'चे विधान सत्य. रॉकला एवढ्यावर भागत नाही. एरवी वेगळे गृहीत धरले नसेल तर दोहोंपैकी कोणते सत्य हे तुम्ही दाखविल्यावाचून ते पुढे सरकत नाही. 'यादी रिकामी आहे किंवा तिला पहिला घटक आहे' ही नोंद त्यामुळे अर्धवट वाटे. उत्तरात कोणती बाजू आली हेही कळते, हे तिथे कोठेच म्हटलेले नव्हते. मी चार वाक्ये करून पाहिली. चारही व्याख्यानासारखी झाली. सरांना दाखविली तेव्हा ते म्हणाले, "व्याख्या पुरे. उदाहरण दे." त्या जागी आता एक रिकामी यादी आणि एक तीन घटकांची यादी आहे, आणि प्रत्येकीसमोर तिचे उत्तर.