शिट्टी केव्हा वाजवावी?



केरीच्या धक्क्यावरून सुटलेली फेरीबोट तेरेखोलला पोहोचायला फार वेळ लागत नाही. एवढ्या अल्प वेळात कोणी मला निरुत्तर करील असे मला कधी वाटले नव्हते. परंतु गेल्या वर्षी नाताळच्या सुटीत एका सायंकाळी तसे घडले खरे. समोर टेकडीवर तेरेखोलचा किल्ला व त्याच्या तटाआडचे संत अंतोनीचे चर्च मावळत्या उन्हात दिसत होते. बोटीत आमची बास्केटबॉल खेळणारी मुले होती. नेहमी त्यांच्या गोंगाटाने बोट डोक्यावर घेतली जाते. त्या दिवशी मात्र सारी गप्प होती. त्यांच्यातला एक पंधरा वर्षांचा मुलगा कठड्याला टेकून उभा होता. तो माझ्याकडे न पाहताच म्हणाला,

"फादर, मी ढकललं म्हणून तुम्ही मला बाहेर काढलंत. ते बरोबरच होतं. पण सर तासभर बोलत होते. त्यांना का नाही काढलंत?"

मी उत्तर दिले नाही. बोट धक्क्याला लागली, मुले उतरली आणि चढ चढून आपापल्या घरी गेली. तो प्रश्न मात्र माझ्या सोबत राहिला. आज तो आपणांसमोर मांडतो. कारण तो केवळ खेळाचा प्रश्न नाही, आणि त्यात चूक माझीच आहे.

झाले ते असे. नदीपलीकडच्या एका पटांगणावर सोळा वर्षांखालील मुलांचे सामने होते. सेमिनरीत असताना मी हा खेळ बराच खेळलो, पुढे त्याचे नियमही अभ्यासले. म्हणून आजूबाजूच्या गावांत पंच मिळाला नाही की लोक मजकडे येतात. एका बाजूला आमच्या तेरेखोल-केरीची मुले होती. वस्तुतः स्वतःच्याच मुलांच्या सामन्यात मी शिट्टी हाती घ्यायला नको होती; पण दुसरा कोणी नव्हता, व समोरच्या संघाच्या प्रशिक्षकांनीच "फादर असले तर आम्हाला चालेल" असे सांगितले होते. हे प्रशिक्षक माझे जुने स्नेही. मुलांसाठी झिजणारा माणूस; गरीब मुलाला स्वतःच्या खिशातून बूट घेऊन देणारा. त्यांचा एकच दोष, सामना सुरू झाला की त्यांच्या जिभेला लगाम राहत नाही.

आरंभी ते मला उद्देशून ओरडले, "फादर, चष्मा बदला!" लोक हसले, मीही हसलो. पुढे माझ्या प्रत्येक निर्णयावर त्यांनी हात उडवायला, कपाळ बडवायला सुरुवात केली. मी दुर्लक्ष केले. तिसऱ्या सत्रात आमचा तो मुलगा फ्री थ्रो घेण्यास उभा राहिला. त्याचे वडील रापणीवर जातात, हे साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक. प्रशिक्षक बाकाजवळून मोठ्याने म्हणाले, "बापाबरोबर रापण ओढायला जा रे! चेंडू तुझ्या हातात शोभत नाही!" पुन्हा हशा पिकला. मुलाचा थ्रो चुकला. मी त्यांच्याकडे डोळे वटारून पाहिले. शिट्टी मात्र तोंडाशी नेली नाही. नंतर त्यांच्या खेळाडूंनीही तेच शब्द उचलले. चौथ्या सत्रात आमच्या मुलाने त्यांतल्या एकाला दोन्ही हातांनी जोरात ढकलून खाली पाडले. त्या वेळी माझी शिट्टी तत्काळ वाजली. मी त्याला बाद केले. नियमाप्रमाणे ते योग्यच होते. तथापि ज्याने आग लावली तो मोठा माणूस बाकावर राहिला आणि ज्याला चटका बसला ते पोर बाहेर गेले.

मी गप्प का राहिलो? त्या वेळी मी मनाची समजूत घातली, की धर्मगुरूने क्षमाशील असावे. परंतु रात्री विचार करता मला कळून चुकले की ती क्षमा नव्हती. पापनिवेदनाला येणारा मनुष्य आपला दोष कबूल करतो, पश्चात्ताप करतो, मग त्याला क्षमा मिळते. येथे कोणी दोष कबूल केला नव्हता, कोणी क्षमा मागितली नव्हती. शिवाय अपमान झाला होता त्या मुलाचा व त्याच्या बापाचा. तो माफ करण्याचा अधिकार त्यांचा. त्यांच्या वतीने उदार होणारा मी कोण? खरे सांगायचे तर मला मित्राची मर्जी राखायची होती, आणि त्या भिडेला मी दयेचे नाव दिले होते.

या खेळाचा इतिहास या बाबतीत मोठा बोधप्रद आहे. डिसेंबर 1891 मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ यांनी हा खेळ निर्माण केला. ते व्यायामशिक्षक होते, तसेच धर्मशास्त्राचेही पदवीधर होते. त्यांच्या मूळ तेरा नियमांत प्रशिक्षकाचा उल्लेखसुद्धा नाही. पंच मात्र दोन आहेत, आणि त्यांच्या कामाची वाटणी मननीय आहे. एकाने चेंडूकडे पाहायचे, दुसऱ्याने माणसांकडे. चेंडू रेषेबाहेर गेला की नाही, गोल झाला की नाही, हे पहिल्याने ठरवायचे; माणसे कशी वागतात याचा न्याय दुसऱ्याने करायचा. त्या दिवशी मी चेंडूकडे डोळ्यांत तेल घालून पाहिले. माणसांकडे पाहण्याचे काम मात्र टाळले.

पुढे संघांना प्रशिक्षक आले आणि त्यांच्या आरडाओरड्याचाही बंदोबस्त करावा लागला. 1910 च्या सुमारास अमेरिकेतील नियमांनी चालू खेळात प्रशिक्षकाने खेळाडूंना सूचना देण्यालाच बंदी घातली. पहिल्या खेपेस ताकीद आणि त्यानंतर विरुद्ध संघाला फ्री थ्रो, अशी ती व्यवस्था होती. तेथील महाविद्यालयीन खेळात टाइम-आउटच्या वेळी खेळाडूंशी बोलण्याची मुभा प्रशिक्षकाला 1949 मध्ये मिळाली. आज तो बाकाच्या हद्दीत उभा राहून सबंध सामनाभर बोलू शकतो. हे स्वातंत्र्य त्याला क्रमाक्रमाने मिळालेले आहे. मिळालेल्या स्वातंत्र्याला मर्यादा असतेच.

ती मर्यादा आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, म्हणजे 'फिबा'च्या, नियमांत स्पष्ट आहे. पंचांशी, टेबलावरील अधिकाऱ्यांशी वा प्रतिस्पर्ध्यांशी बाकावरील कोणी अनादराने बोलला, पंचाच्या अंगाला हात लावला, तर तो टेक्निकल फाऊल होतो. विरुद्ध संघाला एक फ्री थ्रो मिळतो आणि नंतर खेळ थांबला तेथून पुढे चालू होतो. स्वतःच्या वर्तनाबद्दल असे दोन फाऊल झाले, किंवा बाकावरील इतरांचे धरून तीन झाले, की मुख्य प्रशिक्षक बाद होतो. मग त्याने कपडे बदलण्याच्या खोलीत तरी जावे किंवा इमारतीबाहेर तरी जावे. त्याची जागा सहायक घेतो, आणि सहायक नसेल तर संघाचा कर्णधार.

काही सज्जन विचारतात, "प्रशिक्षकाच्या तोंडाची शिक्षा मुलांनी का भोगावी?" शंका रास्त आहे. पण नियमाची रचना पाहा. पहिल्या वेळी संघाचे नुकसान फार तर एका गुणाचे. त्यातून प्रशिक्षकाला कळते की आपल्या जिभेची किंमत आपली मुले मोजत आहेत. खऱ्या गुरूला तेवढे पुरेसे असते. ज्याला तेही पुरत नाही, तो दुसऱ्या वेळी स्वतः बाहेर जातो आणि मुले खेळत राहतात. उलट पंच गप्प राहिला तर केवढी किंमत मोजावी लागते, ते मी त्या दिवशी पाहिलेच.

मोठमोठ्या माणसांनाही हा मोह सुटलेला नाही. बॉब नाइट यांनी 1984 मध्ये अमेरिकेच्या संघाला ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवून दिले. पुढच्याच वर्षी, 23 फेब्रुवारी 1985 रोजी, इंडियाना विद्यापीठाचे प्रशिक्षक असताना पंचांवर संतापून त्यांनी आपली खुर्ची मैदानात भिरकावली. त्या क्षणी पर्ड्यू विद्यापीठाचा खेळाडू त्यांच्याच टेक्निकल फाऊलबद्दलचा फ्री थ्रो घेण्याच्या तयारीत होता. नाइट बाद झाले, त्यांचा संघ हरला, आणि पुढे त्यांच्यावर एका सामन्याची बंदी आली. एवढा कर्तबगार शिक्षक, पण कित्येकांना आज त्यांची ती खुर्चीच आधी आठवते.

आपण गोव्याची माणसे फुटबॉलवर जीव टाकणारी, म्हणून त्या खेळातलेही एक उदाहरण देतो. 3 मार्च 2023 रोजी बेंगळुरूला इंडियन सुपर लीगच्या बाद फेरीचा सामना होता. जादा वेळेत सुनील छेत्री यांनी झटपट घेतलेल्या फ्री किकवर गोल झाला व पंचाने तो ग्राह्य धरला. केरळ ब्लास्टर्सचे प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच यांना तो निर्णय अन्यायाचा वाटला. त्यांनी आपले खेळाडू मैदानाबाहेर बोलावून घेतले. सामना बेंगळुरूला बहाल झाला. त्यानंतर अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने क्लबला 4 कोटी रुपये दंड केला, आणि प्रशिक्षकाला 5 लाखांचा दंड व दहा सामन्यांची बंदी केली. निर्णय चूक की बरोबर, यावर माणसे वाद घालोत. तक्रार करण्याचा मार्ग वेगळा असतो आणि खेळच मोडून टाकणे वेगळे, हाच त्या शिक्षेचा अर्थ. बास्केटबॉलमध्येही निषेध नोंदवण्याची रीतसर सोय आहे, आणि ती कर्णधारामार्फत वापरायची असते. फुटबॉलच्या नियमांनी तर 2019 पासून खेळाडूंप्रमाणे प्रशिक्षकालाही पिवळे व लाल कार्ड दाखवण्याची तरतूद केली आहे.

मग शिट्टी नेमकी केव्हा वाजवावी? माझ्या चुकीतून मी शिकलो ते थोडक्यात सांगतो.

प्रश्न विचारणे हा अपराध नव्हे. "फादर, तो फाऊल कशाचा?" असे कोणी सभ्यपणे विचारले तर संधी मिळताच एका वाक्यात उत्तर द्यावे. निराशेने एखाद्याने कपाळाला हात लावला, तर तिकडे काणाडोळा करावा. माणूस आहे, त्याला वाईट वाटणारच. परंतु हातवारे करून तो लोकांना पंचाविरुद्ध चेतवू लागला, किंवा प्रत्येक निर्णयावर कुरकुर करू लागला, तर जवळ जाऊन शांतपणे एकदा ताकीद द्यावी. ताकीद एकच. तीच गोष्ट पुन्हा झाली की शिट्टी. जो पंच पाच वेळा ताकीद देतो, त्याची पहिली ताकीदही कोणी मनावर घेत नाही.

काही शब्दांना मात्र ताकीदही नको. कोणाची जात, धर्म, घर, बापाचा धंदा, शरीराचे व्यंग यांवर जिभेचा वार झाला, विरुद्ध संघाच्या मुलाला कोणी मोठ्या माणसाने हिणवले, धमकी दिली, पंचाला हात लावला, तर तेथल्या तेथे फाऊल द्यावा. अशा ठिकाणी ताकीद देणे म्हणजे पहिला वार फुकट देण्यासारखे आहे.

आणि शेवटची गोष्ट पंचाने स्वतःला विचारण्याची. मला लागले म्हणून मी शिट्टी वाजवतो आहे, की खेळाला लागले म्हणून? चष्म्यावरून झालेली थट्टा मी हसून सोडली, त्यात काही बिघडले नाही. ती माझी होती, सोडून देणे माझ्या हाती होते. त्या मुलावरची थट्टा माझी नव्हती.

दोन दिवसांनी मी त्या स्नेह्यांकडे गेलो. मी म्हटले, "सर, त्या दिवशी मी तुम्हाला फाऊल द्यायला हवा होता. दिला नाही, ही माझी चूक." ते चिडले. "एवढ्याशा चेष्टेवरून?" म्हणाले. मी त्यांना मुलाचे नाव सांगितले व त्याचे वडील पहाटे किती वाजता समुद्रावर जातात तेही सांगितले. ते काही बोलले नाहीत. चहा आला, तो आम्ही मुकाट्याने घेतला. अजूनही आमच्यात पूर्वीचा मोकळेपणा आलेला नाही, याचे मला दुःख आहे. मैत्री जपण्यासाठी मी गप्प बसलो होतो. ती मैत्रीही काही त्यामुळे जपली गेली नाही.

नंतर मी त्या मुलाच्या घरी गेलो. वडील दारात जाळे दुरुस्त करीत बसले होते. त्यांच्या देखत मी मुलाला म्हटले, "तुझ्या प्रश्नाचं उत्तर आणलं आहे. त्यांना काढायला हवं होतं. मी काढलं नाही, मी चुकलो." मुलगा खाली पाहत राहिला. थोड्या वेळाने त्याने विचारले, "आणि पुढच्या वेळी, फादर?"

"पुढच्या वेळी सामना सुरू होण्यापूर्वीच दोन्ही प्रशिक्षकांना सांगेन. मग शिट्टी वेळेवर वाजेल."

वडील हातातले काम न थांबवता म्हणाले, "तू मात्र ढकलायचं नाही."

वाचकहो, आपल्या गावांत सामने होतात तेव्हा रेषेबाहेर आपण पालकच उभे असतो. आपल्या पोराच्या प्रेमापोटी दुसऱ्याच्या पोराला आपण काय काय बोलतो, याचा प्रत्येकाने घरी गेल्यावर विचार करावा. मुले खेळाचे नियम पंचाकडून शिकतात. वागण्याचे नियम मात्र आपल्याकडे पाहून शिकतात. आणि एखाद्या दिवशी पंचाने आपल्याच माणसावर शिट्टी वाजवली, तर रागावू नये. ज्याच्यावर ती वाजली त्याच्या मुलांचेही ती रक्षणच करीत असते.