कर नाही त्याला

कर नाही त्याला डर कशाला. परवा ही म्हण ऐकली तेव्हापासून ती डोक्यातून हलत नाही. म्हणणारा माणूस भला आहे आणि मनापासून बोलत होता. कामावर येणाऱ्याची दारूची, गांजाची, गोळ्यांची तपासणी मालकानं करावी. जो सरळ आहे त्याचं त्यात काय जातं?

काय जातं, तेच शोधतोय. शाळेत कुणाचा पेन हरवला की सगळ्यांची दप्तरं जमिनीवर उपडी व्हायची आणि गुरुजी हीच म्हण म्हणायचे. पेन क्वचितच सापडायचा. पण एखाद्याच्या दप्तरातून फडक्यात बांधलेली शिळी भाकरी बाहेर पडायची आणि ते पोर वर्षभर मान वर करायचं नाही. चोर ते नव्हतंच. लघवीच्या तपासणीतही असंच निघत असेल. डॉक्टरांनी दिलेली झोपेची गोळी त्यात दिसते, आणि ती कशासाठी चालू आहे हे त्या माणसानं घरीही सांगितलेलं नसतं. गांजाचा अंश तर घेतल्यावर कितीतरी दिवस सापडतो. आज हा माणूस शुद्धीत आहे का, याचं उत्तर त्यातून मिळत नाही.

पण एसटीत बसलो की माझा विचार बदलतो. जळगाव जामोदहून नांदुऱ्याला जाताना ड्रायव्हर दारू तपासायच्या मशीनमध्ये फुंकूनच गाडीवर चढलेला असावा, असं मला वाटतं. 1 जुलै 2023 ला मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेड राजाजवळ खासगी बस पेटली आणि 25 माणसं गेली. ओळख पटेना म्हणून बुलढाण्यात सामूहिक अंत्यसंस्कार करावे लागले. आपल्याच जिल्ह्यातली ही गोष्ट. त्यानंतर, एका ड्रायव्हरच्या हाती किती जीव असतात हे बघून, त्याला फुंकायला लावणं मला अपमानाचं वाटेना. विमानाचे पायलटही फुंकतातच.

मग त्या म्हणीत सलतं काय? मला आपल्याकडची जुनी दिव्यं आठवतात. वतनाचा वाद मिटेना की रवादिव्य व्हायचं. दावा सांगणाऱ्याचे हात धुवायचे, नखं काढायची, हात पिशवीत बांधून वर मोहर करायची. मग देवासमोर उकळत्या तुपातेलातून त्यानं धातूचा तुकडा, म्हणजे रवा, काढायचा. पुन्हा पिशवी, पुन्हा मोहर. तिसऱ्या दिवशी पंचांसमोर पिशवी सोडून हात बघायचे. मोहरेची केवढी काळजी! हाताला आधीच काही लावलेलं नसावं, मागून कुणी औषध लावू नये. संशय माणसावर होता. उकळत्या तुपावर कुणाचाच नव्हता. आज रक्ताच्या बाटलीला सील लागतं तेव्हा मला तीच मोहर दिसते. 2025 मध्ये केरळातल्या पंडलमच्या बस आगारात फणसाचे गरे खाल्लेले ड्रायव्हर मशीनवर दारू प्यालेले ठरले होते. ज्याला मशीननं आधी स्वच्छ म्हटलं होतं, त्यालाच गरे खायला घातले, तेव्हा कुठे उलगडा झाला. त्या ड्रायव्हरांचा ‘कर’ नव्हता. डर मात्र खरी होती.

आणखी एक. दिव्यात खरा ठरलेल्याला पाटीलकी मिळायची. ड्रायव्हरला काय मिळतं? जी ड्यूटी त्याचीच होती, ती. बाकीचं सगळं आपल्याला मिळतं. ज्याला मिळतं त्यानंच म्हण म्हणावी, हे मला खटकतं.

मात्र विश्वासावर सोडावं, असंही म्हणवत नाही. मुक्कामी गाडी सातपुड्याच्या पायथ्याच्या गावात रात्र काढते आणि पहाटे निघते. तिथे कुठलं मशीन? माणसं ड्रायव्हरचा चेहरा बघून चढतात. त्यानं घेतलेली असली तरी बोलतील का? तक्रार केली आणि गाडीच रद्द झाली, तर तालुक्याला जायचं कसं?

बसमध्ये निदान इतरांचे जीव असतात. जिनिंगमध्ये रात्रपाळीला कापूस ओढणाऱ्याचं काय? मशीनमध्ये गेला तर त्याचाच हात जाणार. 1923 च्या नुकसानभरपाई कायद्यापासून चालत आलेली तरतूद आज अशी आहे: नशेमुळे अपघात झाला आणि मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं नाही, तर मालकावर भरपाईचं ओझं नाही. मग ती तपासणी कुणाला वाचवायला? पण शेजारी उभ्या असलेल्या, शुद्धीतल्या बाईचा हात त्याच्या धक्क्यानं गेला, तर? तिनं तपासणी मागितली, तर तिला मी नाही म्हणू शकणार नाही. आणि तिची मागणी पुढे करून मालकानं सगळ्यांनाच, तिलाही, रांगेत उभं केलं, तर त्यालाही कोणत्या तोंडानं अडवू, हे मला कळत नाही.