टोपांना झळाळी नाही म्हणे

"टोपांना ऐतिहासिक झळाळी नाही," असा शेरा मारून नाट्यस्पर्धेच्या परीक्षकांनी आमच्या पोरांचे वेशभूषेचे गुण कापले. त्याला बरीच वर्षं झाली, तरी आठवलं की अजून माझं डोकं तापतं.

दिंद्रुडसारख्या गावात नाटक बसवायचं म्हणजे काय काय करावं लागतं, ते सांगत बसत नाही. विषय आपल्याच बीड जिल्ह्यातला घेतला होता : राक्षसभुवनची लढाई, १० ऑगस्ट १७६३. गोदावरीला पूर, निजामअली पलीकडे उतरून गेलेला, उरलेल्या फौजेसह त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर अलीकडे अडकलेला, आणि अठरा वर्षांचे माधवराव पेशवे चालून आलेले. दिवाण त्याच दिवशी पडला.

ड्रेपरीवाल्याकडे गेलो, तर त्यानं सोनेरी प्लॅस्टिकचे टोप पुढ्यात टाकले. काहींना लाल झुबकेदार तुरा, काहींना दोन शिंगं. तुरा रोमन शिपायाचा. शिंगांची गोष्ट तर आणखी वेगळी. १८७६ साली जर्मनीत बायरॉइटला वाग्नरच्या संगीतनाट्यासाठी कार्ल एमिल डोप्लर या वेशभूषाकारानं पात्रांना शिंगांचे टोप घातले, आणि तिथून ती शिंगं जगभरच्या चित्रांत व्हायकिंगांच्या डोक्यावर कायमची बसली. ती लावून निजामाचा स्वार गोदाकाठी उभा करायचा? मला ते पटेना.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात खरे टोप मी निरखून पाहिले होते. त्या धाटणीच्या टोपाला पोलादी वाटी, माथ्यावर टोक, तुरे खोचायच्या नळ्या, मधोमध वर-खाली सरकवून स्क्रूनं आवळायची नाकपट्टी, आणि कानांवरून मानेपर्यंत लोंबणारी कड्यांची जाळी. आम्ही मोटारसायकलीची टाकून दिलेली अर्धी हेल्मेटं जमवली. वेल्डरनं पत्र्याच्या नाकपट्ट्या कापून, कडा घासून दिल्या. जाळीला लोखंडी कड्या परवडणाऱ्या नव्हत्या, शिवाय पोरांच्या मानेवर केवढं ओझं! मग पोरांच्या आया-आज्यांनी सुतळीची सैल जाळी क्रोशानं विणली. तिला आधी काळा रंग दिला. तो वाळल्यावर फाटकाला लावतात तो चंदेरी रंग जवळजवळ कोरड्या ब्रशनं वरवर फिरवला. खाचांत काळं राहतं, उंचवटे उजळतात. लांबून ते लोखंडच दिसतं.

"सर, मुंडकं हलवलं की टोप गरागरा फिरायलाय," एकानं तक्रार केली. आत कापूस भरलेली टोपी शिवून घातली. खरे स्वारही टोपाखाली असंच काही जाड घालत. नाकपट्टीमुळे दिवाणाचा चेहरा झाकायचा, म्हणून संवादाच्या वेळी ती वर सरकवायची. मराठा स्वारांना आम्ही मुद्दाम पागोटीच दिली, कारण लोखंडी टोप काही सगळ्यांकडे नसायचे.

बक्षीस गेलं लाल तुऱ्याच्या रोमन टोपांना. तेही शिवकाळावरच्या नाटकाला! मी परीक्षकांना गाठलं. ते म्हणाले, "तुमचे टोप गॅरेजातले वाटतात. इतिहास डोळ्यांत भरला पाहिजे." मी म्हटलं, साहेब, एक टोप हातात तर घेऊन बघा. त्यांनी घेतला नाही. खुर्चीवर टोप ठेवलेला होता, तो त्यांनी बोटानं बाजूला सारला आणि चहा मागवला. ज्या आजीनं ती जाळी विणली ती नातवाचं नाटक बघायला आली होती, तिथंच उभी होती. गुण गेल्याचं मी केव्हाच सोडून दिलं. ते बोट विसरता येत नाही.

एक मात्र खरं. सरदारांच्या टोपांवर कोफ्तगिरी, म्हणजे पोलादावर सोन्याची नक्षी, असायची, म्हणजे झळाळी मागण्यात सगळंच चूक नव्हतं. विठ्ठल सुंदराच्या टोपावर मी आज सोनेरी वेलबुट्टी काढीन. राक्षसांचं, जादूगारांचं नाटक असेल तर शिंगंही खुशाल लावावीत, तिथं कल्पनेला मोकळं रान आहे. पण नाटकाला लढाईचं नाव आणि तारीख दिलीत, तर टोप त्याच मुलखातला हवा.

परीक्षकांना एवढीच विनंती : गुण मांडण्याआधी टोप हातात घ्या, उलटा करा, आतली शिवण बघा.