घराचं टेस्टिंग कोण करणार?

परवा ऑफिसात एका मित्राने पेढे वाटले. रीसेलचा फ्लॅट घेतोय, टोकन देऊन झालं. अभिनंदन वगैरे आटोपल्यावर मी सहज विचारलं, "कोणाला दाखवलास?" तर म्हणाला, "सगळ्यांना! बायको, सासरे, वास्तुवाले." म्हटलं, "आणि इंजिनियरला?" यावर तो खो खो हसला. "अरे, मग आपण दोघं कोण आहोत?"

हाच विनोद २०२१ च्या दिवाळीत आमच्या घरी झाला होता. तेव्हा मीही हसलो होतो. त्या हसण्याची किंमत तीन लाख ऐंशी हजार रुपये. म्हणून आजचा शनिवार या विषयाला.

तर त्याचं झालं असं. आमचं गाव अचलपूर. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: अमरावतीहून साधारण पन्नास किलोमीटर, चिखलदऱ्याला जाताना परतवाडा लागतं ना, त्याचंच जुळं भावंड.) बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. आयुष्यभर भाड्याच्या घरात राहिले. २०२१ च्या जूनमध्ये रिटायर झाले, हातात पैसे आले आणि म्हणाले, आता स्वतःचं घर. मी तेव्हा वर्क फ्रॉम होममुळे गावीच होतो. दसऱ्याच्या आसपास परतवाड्याच्या बाजूला एक घर सापडलं. तीन खोल्या, पुढे ओटा, मागे न्हाणीघर, कोपऱ्यात एक मोठं झाड. भाव चौतीस लाख. बावीस बाबांचे, बारा माझ्या नावावर कर्ज. विकणारे गृहस्थ बाबांच्या ओळखीचे, म्हणजे घासाघीस करायचीही पंचाईत.

आता हे घर किती जणांनी पाहिलं ते मोजा. बाबांनी तीनदा. मोठ्या काकांनी एकदा. मामांनी भिंतीवर दोन बुक्क्या मारून "मजबूत आहे" असा निर्वाळा दिला. वास्तुवाले आले, त्यांनी स्वयंपाकाचा ओटा हलवायला सांगितला आणि ५१०० घेतले. वकिलाने तीस वर्षांचा सर्च काढला. बँकेचा व्हॅल्युअर आला, टेपने लांबीरुंदी मोजली, चार फोटो काढले, चहा पिऊन दहा मिनिटांत गेला. मी मोबाईल फिरवून नेटवर्क कुठे येतं ते बघितलं. (हो, इंजिनियरचं योगदान एवढंच.)

आई एकदा म्हणाली होती, "एखाद्या इंजिनियरला दाखवू का?" तर काका म्हणाले, "घरात इंजिनियर असून बाहेरचा कायले पायजे?" सगळे हसले. विषय संपला. इसार दिला, दिवाळीनंतर रजिस्ट्री झाली. एकट्या नोंदणी फीचेच तीस हजार भरले, स्टॅम्प ड्युटी वेगळी.

मग आला २०२२ चा मे. वऱ्हाडातला मे ज्याने पाहिलाय त्याला वेगळं सांगायला नको. मी तोवर पुण्याला परत आलो होतो, चार दिवस सुट्टी टाकून घरी गेलो. दुपारी झोपेतून उठलो तर आतल्या खोलीत खरवडल्याचा आवाज. जाऊन पाहतो तर बाबा स्टुलावर उभे, हातात पत्रा, आणि खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरप्या वर गेलेल्या भेगेत पुट्टी भरतायत. बासष्ट पायऱ्यांची शाळा रोज चढणारा माणूस, पण स्टुलावर पाय थरथरत होते. मला बघून म्हणाले, "तुझ्या आईला सांगू नको."

भेग एवढी होती की रुपयाचं नाणं उभं आत गेलं असतं. आणि ती एकच नव्हती. मागच्या खोलीचं दारही लागत नव्हतं. बाबा महिनाभर हे एकटेच लपवत होते. पुट्टी भरायची, आठ दिवसांनी ती पुन्हा उकलायची.

संध्याकाळी मी बाबांचं न ऐकता एका रिटायर्ड सिव्हिल इंजिनियर काकांना बोलावलं. पीडब्ल्यूडीत पस्तीस वर्षं काढलेला माणूस. आले तेव्हा पिशवीत काय होतं? ओळंबा, टॉर्च, पाणी भरलेली पारदर्शक लेव्हलची नळी, छोटी हातोडी आणि एक काचेची गोटी. लॅपटॉप नाही की काही नाही. आधी ते घरात आलेच नाहीत. बाहेरून चक्कर मारली. मागच्या भिंतीला विटांचा ढीग रचलेला होता, तो हलवायला लावला. त्याच्यामागे जोत्याला उभी भेग. मग न्हाणीघराचं पाणी जिथे जातं ती जागा बघितली. पाइप सांध्यात फुटलेला, पाणी वर्षानुवर्षं पायाजवळ मुरत होतं. मग कोपऱ्यातल्या झाडाकडे बघून नुसतं "हं" केलं. आत येऊन गोटी जमिनीवर ठेवली. गोटी आपली आपण मागच्या कोपऱ्याकडे चालू लागली.

"गुरुजी," ते बाबांना म्हणाले, "तुम्ही घराचा चेहरा पाह्यला. पाया कोणं पाह्यला?"

बाबा काहीच बोलले नाहीत. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांचे पेपर तपासलेल्या माणसाला कोणीतरी पहिल्यांदाच नापास केलं होतं.

काकांनी मग दुसऱ्या दिवशी एक खड्डा घेऊन दाखवला. पाया जेमतेम साडेतीन फूट, तोही थेट काळ्या मातीवर. ही माती आपल्या कपाशीला सोन्यासारखी आणि घराला वैऱ्यासारखी. दख्खनच्या काळ्या दगडापासून झालेली, तिच्यातली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. शेतात उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात त्या आपण लहानपणापासून बघतो, पण तीच माती घराखालीही असते हे डोक्यात येत नाही. घराच्या मधली माती ओलसर राहते, कडेची वाळते. कडेची भिंत खचते, मधली जागेवर राहते, आणि मग भेग खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरपी फुटते कारण भिंत तिथेच कमजोर असते. त्यात एका कोपऱ्यात फुटका पाइप पाणी पाजतोय आणि दुसऱ्या कोपऱ्यात झाड पाणी ओढतंय. म्हणजे एकाच घराचे चार कोपरे चार ऋतूंमध्ये!

यावर उपाय नाहीत असं नाही. पाया खोल नेऊन खालची काळी माती काढायची आणि मुरूम भरायचा, घराभोवती पक्की फरशी करून पावसाचं पाणी लांब न्यायचं. माती फारच खोल असेल तर तळाशी कांद्यासारखा फुगवटा असलेले काँक्रीटचे पाइल, ज्यांना अंडर-रीम्ड पाइल म्हणतात. रूरकीच्या सीबीआरआय संस्थेने त्यावर बरंच काम केलंय. आमच्या गावाबाहेरचा हौज कटोरा तर तलावात बांधलेला मनोरा, शेकडो वर्षांनंतरही उभा आहे. म्हणजे पाण्यामातीत टिकणारं बांधता येतं. फक्त बांधणाऱ्याला माती कळायला हवी आणि घेणाऱ्याला बघायची बुद्धी हवी.

आता गंमत बघा. आम्ही घर पाहिलं ऑक्टोबर-नोव्हेंबरात. पावसाळा नुकताच संपलेला, माती फुगलेली, भेगा मिटलेल्या, वरून नवा रंग. आम्ही तर निवांत, की वा, काय सुंदर घर! पण काका म्हणाले की तेव्हाही कळलं असतं. गोटी तेव्हाही पळाली असती. मागच्या दाराची वरची कड रंधून कमी केलेली होती, ती तेव्हाही तशीच होती. तीनपैकी दोनच खोल्यांना ताजा रंग होता, आणि विटांचा ढीगही तिथेच होता. ढीग कोणी हलवला नाही इतकंच.

आणि सगळ्यात भारी शेजारच्या काकू. आम्ही खड्डा खणत होतो तेव्हा कुंपणावरून म्हणाल्या, "थे भिंत तं दर उन्हाळ्यात फाटते. आम्हाले विचारलं असतं तं सांगतलं असतं ना बाप्पा!"

विकणाऱ्यांनी फसवलं का? मला अजून नक्की सांगता येत नाही. बाबा त्यांच्याकडे गेले होते. ते म्हणाले, "मास्तर, भेगा कोणाच्या घराले नाहीत?" आणि आमच्याकडे हे खोटंही नाही. त्यांना तो दोष वाटतच नव्हता. मी चिडून वकिलाकडे गेलो, तर तिथे एक धडा मिळाला. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ म्हणतं की विकणाऱ्याने त्याला माहीत असलेला मोठा दोष सांगितला पाहिजे, पण कोणता? जो घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही सापडला नसता असा. म्हणजे जोत्यावरची भेग विटा हलवल्या की दिसणार असेल, तर समोरचा वकील पहिला प्रश्न विचारणार, "मग तुम्ही विटा का नाही हलवल्या?" आणि रेरा? २०१६ च्या त्या कायद्यात ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष दिसला तर बिल्डरने फुकट दुरुस्त करायचा असतो. पण ते बिल्डरला लागू. एका माणसाने दुसऱ्याला विकलेल्या जुन्या घराला त्याचा उपयोग नाही. आम्ही कोर्टात गेलो नाही. पाइप बदलला, एका कोपऱ्याचा पाया खालून भरून घेतला, घराभोवती फरशी केली, भेगा शिवल्या. तीन लाख ऐंशी हजार. माझी दोन वर्षांची बचत.

काकांना फी विचारली तर म्हणाले, "आता काय घेऊ? घ्यायच्या आधी बोलावलं असतं तं तीन हजार घेतले असते."

आता आपल्या धंद्याकडे बघा मंडळी. आपण साधं लॉगिनचं पान बदललं तरी दुसऱ्याकडून कोड रिव्ह्यू करून घेतो. टेस्टर वेगळा असतो, कारण स्वतःच्या कोडमधला बग स्वतःला दिसत नाही. मग जिथे वीस वर्षांचा हप्ता जाणार, तिथे वीस मिनिटं फिरून "छान आहे, हवेशीर आहे" म्हणून आपण थेट प्रॉडक्शनला जातो! आणि घर पाहणारे ते सगळे कोणासाठी पाहत होते? व्हॅल्युअर बँकेसाठी, आणि तेही कर्ज बुडालं तर वसूल होईल का एवढंच. दलाल कमिशनसाठी. वकील कागद बघतो, भिंत नाही. नातेवाईक तर आपल्याला बरं वाटावं म्हणून बघतात. फक्त आपल्यासाठी, आपल्या पैशाने, आणि सौदा मोडला तरी ज्याचं काही जात नाही असा माणूस त्यात एकही नव्हता.

न्यू जर्सीत असलेल्या माझ्या एका मित्राने घर घेतलं तेव्हा करारातच अट होती की इन्स्पेक्टरचा रिपोर्ट बघून मग पक्कं. त्या रिपोर्टवरून त्याने छपराच्या दुरुस्तीचे पैसे कमी करून घेतले. आपल्याकडेही पुणे, मुंबई, बंगळूरला हे काम करणाऱ्या कंपन्या आहेत. ओल मोजायचं मीटर, थर्मल कॅमेरा घेऊन येतात. पण अचलपुरात काय? स्ट्रक्चरल इंजिनियर अमरावतीहून येतो, रिटायर्ड पीडब्ल्यूडीवाले तर गावातच असतात. या कामाला वेगळं लायसन्स लागत नाही, म्हणून डिग्री, अनुभव आणि आधी दिलेला एखादा रिपोर्ट मागा. दलालाने सुचवलेला माणूस नको. तोंडी नको, लेखी आणि फोटोसकट घ्या. वायरिंग, अर्थिंग, गच्ची, सेप्टिक टँक हेही त्यात यायला हवं. आणि इसारचिठ्ठीत एक ओळ घाला: इंजिनियरच्या पाहणीत बांधकामाचा मोठा दोष निघाला तर इसार परत. समोरचा या ओळीला नाही म्हणाला, तर तोही एक रिपोर्टच समजा.

इन्स्पेक्टर काही देव नाही. भिंतीच्या आतलं सगळं त्याला दिसत नाही, टेस्टिंग करूनही बग सुटतातच. पण गोटी पळणं सुटत नाही हो.

तुम्ही म्हणाल, ओळखीच्या माणसाकडे इंजिनियर नेला तर त्याला काय वाटेल? बाबांना नेमकं हेच वाटलं होतं. वाईट दिसेल म्हणून त्यांनी विचारलं नाही, आणि मग त्याच ओळखीच्या माणसाशी त्यांचं बोलणं बंद झालं. दोन वर्षं. एकाच गावात, एकाच बाजारात भाजी घेताना नजर चुकवायची. मला पैशापेक्षा हे जास्त लागलं. तीन हजारांत ती मैत्रीही वाचली असती.

गेल्या तीन उन्हाळ्यांत भेग पुन्हा उघडली नाही. बाबा मात्र बदलले. गावात कोणी घर घेतोय कळलं की ते स्वतःहून जातात. खिशात टॉर्च आणि एक काचेची गोटी. गोटी ठेवतात, बघतात, आणि घरमालकासमोरच सांगतात, "माझ्या भरवशावर घेऊ नका. मी मास्तर आहे. इंजिनियर आणा."

असो. त्या मित्राला काकांसारखा एक माणूस पुण्यात शोधून दिलाय, उद्या सकाळी फ्लॅट बघायला जातोय. मीही जाणार आहे. गोटी घेऊन.