सायकल तिघांची, सुट्टी आठ जणांची

सुट्टीला निघताना सायकली बरोबर घ्यायच्या की नाही, यावरून तुमच्या घरात कधी वाद झाला आहे का? आमच्या घरी दर दिवाळीला होतो. नवरा आणि पंधरा वर्षांची लेक, दोघंही सायकलवेडे. नवऱ्याचा नागपूरचा मित्र तिसरा. डोंगरातल्या दगडमातीच्या वाटांवर चालवायच्या जाड टायरच्या माउंटन बाइक तिघांकडेही आहेत. उरलो आम्ही पाच जण : मी, सासूबाई, माझा नऊ वर्षांचा मुलगा, मित्राची बायको आणि त्यांचा बारा वर्षांचा मुलगा. आम्हाला फक्त सुट्टी हवी असते.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका थंड हवेच्या ठिकाणी दोघे मित्र पहाटे सहाला सायकली घेऊन निघाले. ‘दहापर्यंत येतो’ म्हणाले आणि आले दुपारी अडीचला. वाटेत टायर फाटला होता, फोनला रेंज नव्हती. इकडे आमचा नाश्ता झाला, पत्ते झाले, मुलांची दोन भांडणं झाली, जेवणही झालं. मी दर पाच मिनिटांनी फाटकापर्यंत जाऊन येत होते. दोघे घामाघूम, पण खुशीत परतले, तेव्हा व्हरांड्यात बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, ‘‘झाली का रे बापू तुमची सुट्टी? आता आमची कवा सुरू होते, तेवढं सांगून ठेव.’’

कुणी हसलं नाही. त्या दिवशी मी खूप बोलले, आणि परतीच्या वाटेवर आणखी बोलले. शेवटी एवढंच ठरलं, की सायकली घरी तरी राहतील, नाहीतर अशा जागी जातील जिथे कुणाला कुणाची वाट बघत बसावं लागणार नाही. अशी जागा शोधता शोधता आम्ही पचमढीला पोहोचलो.

पचमढीच का?

मध्य प्रदेशातलं हे गाव सातपुड्याच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे १,०६७ मीटर उंचीवर आहे. आम्ही भोपाळचे. आम्हाला गाडीने साधारण दोनशे किलोमीटर पडतं. नागपूरकरांना छिंदवाडा, तामिया, मटकुली या रस्त्याने अडीचशेच्या आसपास. रेल्वेने येणार असाल, तर इटारसी-जबलपूर मार्गावरच्या पिपरियाला उतरायचं. तिथून पचमढी पन्नासेक किलोमीटर. मटकुलीला देनवा नदी ओलांडली की घाट सुरू होतो. वर चढून आलं की एकदम मोकळं पठार लागतं. पसरट बशीसारखं. मध्ये गाव आणि छावणी, कडेने जंगल आणि दऱ्या.

हाच बशीसारखा आकार आमच्या कामाला आला. इथली बहुतेक ठिकाणं गावापासून दहा-बारा किलोमीटरच्या आत आहेत. जटाशंकर आणि पांडव गुंफा तर अगदी जवळ. मधल्या सपाटीवर सायकल आणि गाडी यांच्या वेळेत फार फरक पडत नाही. दुसरी सोय म्हणजे जंगलातल्या ठिकाणांवर आपली गाडी नेता येत नाही. परवाना काढून तिथली उघडी जिप्सी करावी लागते. लोक यावरून कुरकुरतात, पण तुमच्यासोबत सायकलवाले असतील तर हा नियम वरदानच समजा. रस्त्यावर गाड्या कमी, आणि चालक तिथलाच, प्रत्येक वळण ठाऊक असलेला.

मराठी माणसाला हे गाव परकं वाटत नाही. कॅप्टन जेम्स फोर्सिथ एकोणिसाव्या शतकात या पठारावर आला. त्याचा १८६२ चा बायसन लॉज आजही उभा आहे. पुढे मध्य प्रांताची राजधानी नागपूर असताना उन्हाळ्यात तिथलं सरकार इथे मुक्कामाला यायचं. पण त्याहून जुनं नातं महादेवाचं. नागपंचमीच्या सुमारास नागद्वारीच्या यात्रेला विदर्भातून लोकांची रीघ लागते. महाशिवरात्रीला भक्त खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागढ चढतात. सासूबाई वरुडकडच्या. त्यांचे वडील नागद्वारीला पायी जायचे. त्या स्वतः मात्र एकदाही आल्या नव्हत्या. ‘पोरीबाळीला कोन नेते?’ एवढंच त्या म्हणायच्या.

आमचे तीन नियम

निघण्यापूर्वी आम्ही तीन गोष्टी कागदावर लिहिल्या. तुम्हीही लिहा. तोंडी ठरलेलं सायकलवर बसलं की विसरलं जातं.

एक : कुठे आणि कुठल्या क्रमाने जायचं, हे जिप्सीत बसणारे ठरवतील.

दोन : सायकलवाले पुढच्या थांब्यापलीकडे जाणार नाहीत. प्रत्येक थांब्यावर आठही जण जमले, की मगच पुढे.

तीन : सूर्य मावळला की सायकलचं चाक फिरणार नाही.

पहिल्या दोन नियमांना कुणाची हरकत नव्हती. तिसऱ्याला लेकीने नाक मुरडलं.

पहिला दिवस : मीही सायकलवर

भाऊबीज झाल्यावर दुसऱ्या दिवशी निघालो. डब्यात चिवडा-चकल्या, गाडीच्या मागच्या कॅरिअरवर दोन सायकली. तिसरी नागपूरहून आली. पचमढीच्या बाजारात सायकली भाड्याने मिळतात. माझा मुलगा आणि मित्राचा मुलगा हटून बसले, म्हणून त्यांच्यासाठी दोन घेतल्या, आणि दुकानदाराने विचारलं म्हणून मीही एक घेतली. वीस वर्षांनी सायकलवर बसत होते.

भाड्याची सायकल घेताना आधी दोन्ही ब्रेक दाबून बघा. ब्रेक दाबून धरला असताना सायकल पुढे ढकलली जात असेल, तर ती सायकल परत द्या. सीट अशी ठेवा, की पेडल खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील. आणि चढ सुरू व्हायच्या आधीच गिअर हलका करा. ऐन चढावर बदलायला गेलात की साखळी कुरकुरते. हे सगळं मला लेकीने शिकवलं. शिकवताना ती इतकी समंजस होती, की मला माझीच मुलगी नव्याने भेटल्यासारखं वाटलं.

त्या संध्याकाळी आम्ही पांडव गुंफांपर्यंत गेलो. वाळूच्या खडकात कोरलेल्या पाच गुंफा. पांडव वनवासात इथे राहिले, अशी लोकांची श्रद्धा. जाणकार त्या बौद्ध भिक्षूंच्या मानतात. सासूबाई आणि मित्राची बायको रिक्षाने आमच्या आधी पोहोचल्या होत्या. मी धापा टाकत पोहोचले, तर सासूबाई म्हणाल्या, ‘‘म्या तं तुझी वाट पाह्यली नाही हो. गुंफा पाहून मोकळी झाली.’’ या वेळी सगळे हसले.

दुसरा दिवस : महादेव आणि धूपगढ

रस्ते, परवाने आणि वेळा यांची चौकशी आम्ही आदल्या दिवशीच केली होती. सायकल घेऊन कुठपर्यंत जाता येईल, हेही विचारून घेतलं होतं. जंगलात नियम बदलतात, तेव्हा तुम्हीही निघण्यापूर्वी विचाराच.

सकाळी जिप्सीच्या अड्ड्यावर पुन्हा वाद झाला. मी दोन जिप्सी मागितल्या. एक आमच्यासाठी आणि एक संध्याकाळी धूपगढवरून तिघांना सायकलींसह खाली आणण्यासाठी. नवरा म्हणाला, ‘‘अगं, दहा-बारा किलोमीटरचा उतार आहे. दिवे आहेत आमच्याकडे. रिकाम्या जिप्सीचे पैसे कशाला?’’ मी कागद काढला आणि तिसऱ्या नियमावर बोट ठेवलं. मित्र गप्प उभा होता. मग म्हणाला, ‘‘वहिनी, दुसऱ्या जिप्सीचे मी देतो.’’ तो तिघांत सगळ्यात पट्टीचा सायकलवाला. अडीच वाजेपर्यंत आम्हाला बसवून ठेवणाऱ्या सफरीची आखणी त्याचीच होती.

पहिला थांबा हांडी खोह. सुमारे तीनशे फूट खोल, उभ्या कड्यांची अरुंद दरी. कठड्यावरून डोकावलं तरी तळ नीट दिसत नाही. सायकलवाले आमच्यानंतर बारा मिनिटांनी आले. माझ्या मुलाने घड्याळ लावलं होतं. तिथून महादेवाकडे. शेवटचा रस्ता उताराचा आणि वळणांचा. गुहेत पाणी ठिबकत असतं. शेजारी गुप्त महादेवाची कपार इतकी अरुंद, की अंग चोरूनच आत जावं लागतं. सासूबाई नातवाचा हात धरून आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा डोळे पुसत होत्या. तिथून चौरागढच्या हजाराहून जास्त पायऱ्या चढणं त्यांना शक्य नव्हतं. त्यांनी खालूनच हात जोडले, आणि वडिलांचं नाव घेतलं. सायकली झाडाला टेकवून तिघंही मागे उभे होते. कुणाला पुढे जायची घाई नव्हती.

दुपारच्या जेवणानंतर धूपगढ. १,३५२ मीटर, सातपुड्यातलं आणि मध्य प्रदेशातलं सगळ्यात उंच शिखर. शेवटचा चढ चांगलाच दमवतो. तिघं वर पोहोचले तेव्हा लेकीचा चेहरा लालबुंद झाला होता. मी तिला पाणी दिलं, सासूबाईंनी बेसनाचा लाडू. मग आठही जण पायऱ्यांवर बसून राहिलो. समोर एकामागे एक डोंगररांगा, आधी निळ्या, मग करड्या. सूर्य खाली गेला आणि लोक उठले.

लेकीने हेल्मेट डोक्यावर चढवलं.

‘‘आई, अजून उजेड आहे. बाबा आहेत ना बरोबर.’’

मी तिच्या बाबाकडे पाहिलं. त्याच्या मनात काय होतं, ते मला दिसत होतं. दिवसभर चढलेल्या माणसाला त्याचा उतार हवा असतो. ते बक्षीसच असतं. पण डोंगरातला संधिप्रकाश फसवा. माथ्यावर उजेड असतो आणि झाडीत शिरलं की अंधार. मी काही बोलणार, तेवढ्यात मित्राने आपली सायकल उचलून दुसऱ्या जिप्सीत ठेवली आणि दोरी मागितली. मग नवऱ्याने ठेवली. सगळ्यात शेवटी लेकीने. ती मागे बसली आणि खाली येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

उतरताना जिप्सींची रांग लागली होती. धुळीत पुढच्या गाडीचे लाल दिवे तेवढे दिसत होते. पचमढीचा खडक वाळूचा आहे, आपल्या सह्याद्रीसारखा काळा बेसाल्ट नाही. तो झिजून रस्त्यावर, विशेषतः वळणांवर, बारीक वाळू साचते. दिव्याच्या उजेडात ती वाळू अगदी जवळ गेल्यावरच दिसत होती. मी ते लेकीला दाखवलं नाही. तिनेच पाहिलं असावं. रात्री झोपताना म्हणाली, ‘‘तरी मी उतरले असते.’’ मी म्हटलं, ‘‘माहीत आहे.’’

तिसरा दिवस : उतार

दुसऱ्या दिवशी तिचा उतार तिला द्यायचा, हे रात्रीच ठरलं. सकाळी तिघं पुन्हा धूपगढ चढले, आम्ही जिप्सीने मागोमाग. निघण्यापूर्वी मित्राने तिच्या टायरमधली हवा थोडी कमी केली. मऊ टायर वाळूत जास्त पकड घेतो. मग तिला सगळं पुन्हा सांगितलं : वळणाच्या आधीच वेग कमी कर, ऐन वळणात ब्रेक दाबू नकोस. फक्त पुढचा ब्रेक कधीच नाही, दोन्ही मिळून आणि हळूहळू. उतारावर सीटवरून उठून अंग मागे ने, दोन्ही पेडल एका पातळीत ठेव. खड्ड्याकडे बघू नकोस, जिथे जायचं आहे तिकडे बघ. तुमच्या घरात नवशिक्या सायकलवाला असेल, तर हे पाच धडे त्याला आधी सपाटीवर गिरवायला लावा.

ती मध्ये, पुढे मित्र, मागे तिचे बाबा. आम्ही सगळ्यात शेवटी. चौथ्या की पाचव्या वळणावर मागचं चाक वाळूत घसरलं आणि ती आडवी झाली. जिप्सी थांबायच्या आत मी उडी मारली होती. कोपर खरचटलं होतं, हातमोजा फाटला होता. हेल्मेटला ओरखडाही नव्हता. तिने वाळू झटकली, त्या वळणाकडे एकदा वळून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

‘‘काल रात्री हे दिसलं नसतं,’’ ती म्हणाली.

मी काही बोलले नाही. जखम धुतली, पट्टी लावली. मागून येणारी एक जिप्सी थांबून पुढे गेली. मग ती पुन्हा सायकलवर बसली आणि उरलेला उतार सावकाश उतरली.

तुम्ही जाल तेव्हा

पावसाळ्यानंतर ते हिवाळा संपेपर्यंतचे दिवस उत्तम. झऱ्यांना पाणी असतं, हवा गार असते. सकाळ-संध्याकाळ गरम कपडे लागतात. प्रत्येकाला हेल्मेट, हातमोजे, दोन बाटल्या पाणी, एक जादा ट्यूब आणि पंप हवाच. माकडांसमोर खाऊ काढू नका. मोर आणि शेकरू दिसली तर सायकल थांबवा, घंटी वाजवू नका.

आणि त्या रिकाम्या जिप्सीचे पैसे वाचवू नका. आमच्या हिशेबाच्या वहीत नवऱ्याने तो खर्च ‘इतर’ या रकान्यात लिहिला होता. घरी आल्यावर लेकीने तो खोडून ‘सायकल’मध्ये लिहिला.

सासूबाईंनी पुढच्या दिवाळीचं आत्ताच विचारून ठेवलं आहे. सायकली कुठे जाणार ते तुम्ही ठरवा, म्हणाल्या, पन जिप्सीत पुढची सीट माही.