आधी स्विच बघा

मिरजेत माझं मोटार रिवायंडिंगचं छोटं दुकान आहे. अब्बांनी सुरू केलेलं. उन्हाळा लागला की आसपासच्या ऊसवाल्या गावांतून पाण्याच्या मोटारी येतात. कुणी टेम्पोतून आणतं, कुणी मोटारसायकलवर बांधून. पुष्कळदा मोटार चांगलीच असते, बिघाड स्टार्टरमध्ये असतो. म्हणून अब्बांनी भिंतीवर रंगाने तीन शब्द लिहून ठेवले होते : आधी स्विच बघा. अब्बा जाऊन बरीच वर्षं झाली, पण ती अक्षरं मी पुसू दिलेली नाहीत. हे आधी सांगतो, कारण पुढे मी जे केलं ते या तीन शब्दांखाली रोज बसणाऱ्या माणसाला शोभणारं नव्हतं.

माझी लेक कॉम्प्युटरच्या डिप्लोमाला आहे. घरी कॉम्प्युटर हवा होता. तयार घ्यायचा तर माझ्या आवाक्याबाहेर. ती म्हणाली, "अब्बा, सुटे भाग आणून मीच जोडते. सात-आठ हजार वाचतील." हंगामाचे पैसे हातात होते, मी दिले. सांगलीतल्या एका दुकानातून ती माझ्याबरोबर येऊन एकेक वस्तू पारखून घेऊन आली. दोन दिवस सतरंजीवर बसून तिने सगळं जोडलं. मदरबोर्ड, प्रोसेसर, पंखा, रॅम, एसएमपीएस. तिसऱ्या दिवशी मगरिबनंतर घरातले सगळे जमले, शेजारच्या चाचीही आल्या. लेकीने बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, आणि कुणी काही बोलायच्या आत सगळं बंद.

पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. चार-पाच वेळा झाल्यावर चाची म्हणाल्या, "एवढे पैसे पोरीच्या हातात कशाला दिलेत, भाईजान?" मी त्यांना काहीच उत्तर दिलं नाही. उलट लेकीच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि म्हणालो, "तू बाजूला हो." ती मुकाट्याने उठली आणि दाराजवळ जाऊन बसली.

एवढ्यावर थांबलो नाही. दुकानदाराला फोन लावला. "जुना माल नवा म्हणून गळ्यात मारलात का?" असं चार माणसांसमोर बोललो. तो एवढंच म्हणाला, "घेऊन या चाचा, बघू." अशी बोलणी मी स्वतः गिऱ्हाइकांकडून कितीदा ऐकली आहेत! ऐकताना किती लागतं तेही मला माहीत आहे. तरी बोललो.

रात्री मी कामाला लागलो. विजेची माझी सगळी विद्या पणाला लावली. एसएमपीएस बोर्डापासून सोडवला. त्याच्या मोठ्या २४ पिनांच्या सॉकेटमधली हिरवी तार आणि एक काळी तार छोट्या तारेने जोडली की तो बोर्डाशिवायही चालू होतो, हे लेकीनेच लांबून सांगितलं. मल्टिमीटर लावला. पिवळ्या तारेवर १२ व्होल्ट, लालवर ५, नारिंगीवर ३.३. सगळं जागेवर. तरी माझं मन म्हणे, लोड नसताना सगळंच चांगलं दिसतं.

मग प्रोसेसरजवळची वेगळी ८ पिनांची वायर नीट बसली आहे का पाहिलं. बोर्ड उचलून खालचे पितळी स्टँड मोजले, कारण एखादा नको त्या जागी राहिला तर तो बोर्डाच्या पाठीला टेकून शॉर्ट करतो. प्रोसेसरवरचा पंखा काढला, पेस्ट पुसून नवी लावली. रॅमच्या दोन पट्ट्या आळीपाळीने एकेक लावून बघितल्या. प्रत्येक वेळी पंखे फिरायचे आणि थांबायचे. एक वाजला. मी म्हणालो, "प्रोसेसर तापत असणार. पंखा बसवताना तूच चूक केलीस." खरं तर तो पंखा आत्ता मीच बसवला होता.

लेक तोवर वही घेऊन बसली होती. तिने ती माझ्यापुढे धरली. मी जितक्या वेळा बटण दाबलं, तितक्या वेळा तिने मोबाइलच्या घड्याळावर सेकंद मोजले होते. ४, ४, ४, ४. पानभर तेच.

"अब्बा," ती हळू म्हणाली, "तुमच्या मोटारीचा ओव्हरलोड रिले एकदा पडल्यावर लगेच चालू केलं तर काय होतं?"

"आधीपेक्षा लवकर पडतो."

"आणि मोटार गार झाल्यावर?"

"जास्त वेळ चालते."

"मग हा तापून बंद पडत असेल तर कधी कमी, कधी जास्त चालायला हवा. दर वेळी चारच सेकंद कसे? कॉम्प्युटर अडकला की पॉवरचं बटण चार सेकंद दाबून धरून आपण तो बंद करतो ना? मला वाटतं, कुणीतरी बटण दाबूनच धरलंय."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. तिने कॅबिनेटच्या बटणाकडून येणारी दोन बारीक तारांची क्लिप बोर्डावरून उपसली. त्या उघड्या दोन पिनांना स्क्रू-ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवलं. पंखे फिरले. चार सेकंद झाले. दहा झाले. स्क्रीन उजळला. मिनिट गेलं, कॉम्प्युटर चालूच.

मग मी क्लिपच्या दोन टोकांना मल्टिमीटर लावून बटण दाबलं. बझर वाजला. बोट काढलं, तरी वाजतच राहिला. प्लॅस्टिकच्या बटणाची कड नखाएवढीही नव्हे, पण जरा जास्त होती. दाबलं की आतल्या काठाला अडकून बसायचं. दुसऱ्यांदा दाबताना किंचित उसळून पुन्हा तिथंच. डोळ्याला दिसतही नव्हतं. ब्लेडने कड खरवडली, पॉलिश पेपर फिरवला. काम झालं.

स्विच! दुकानात आयुष्य गेलं, आणि मी प्रोसेसरपर्यंत पोचलो, दुकानदारापर्यंत पोचलो, पोरीच्या हातापर्यंत पोचलो. बटणापर्यंत पोचलो नाही.

दुसऱ्या दिवशी सांगलीला गेलो. दुकानदाराला म्हणालो, "माल चांगला होता, माझी जबान खराब होती. माफ करा." तो मुलगा हसला, चहा मागवला. त्याच्याकडे माफी मागणं सोपं गेलं.

घरी ते अवघड होतं. "बेटा, चुकलो" म्हटलं तर ती म्हणाली, "जाऊ दे अब्बा, सापडलं ना?" पण दाराजवळ बसलेली ती मला विसरता येत नव्हती. चाचींना मी त्याच वेळी उत्तर द्यायला हवं होतं. संध्याकाळी त्यांना चहाला बोलावलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, की हे मशीन माझ्या लेकीने जोडलं, बिघाड तिनेच शोधला, आणि मी फक्त रात्रभर स्क्रू काढले.

वाचकांपैकी कुणाच्या घरी असं झालं तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. हात घालण्याआधी वायर प्लगातून काढा, आणि एसएमपीएसची पेटी स्वतः कधी उघडू नका. वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये करंट उरतो. बाकी बंद पडण्याची वेळ वहीत लिहा. तीच निम्मं सांगते.

माझी आई, म्हणजे लेकीची दादी, हे सगळं ऐकून एवढंच म्हणाली, "बदगुमानीला घाई फार असते." मी भिंतीवरची अब्बांची अक्षरं नव्या रंगाने गिरवून घेतली आहेत. आता गिऱ्हाइकापेक्षा जास्त वेळा मीच वाचतो.