जुनं पाणी ओतून देऊ नका

लोणावळा-खंडाळ्याच्या हॉटेलांत पावसाळाभर गरम पाण्याची धावपळ असते. मोठ्या ठिकाणी बॉयलर किंवा हीट पंप आणि टाकीतली कॉइल यांच्यामध्ये पाण्याची बंद लाइन फिरते. तिच्या उष्णतेवर आंघोळीचं पाणी तापतं. हे फिरतं पाणी पाहुण्यांच्या नळाला येत नाही, म्हणून त्याची आठवणही कुणाला होत नाही. मावळात अशा लाइनींची देखभाल करताना मला सर्वांत जास्त नुकसान दिसलं ते मात्र स्वच्छतेच्या हौसेपायी.

तळेगावजवळच्या एका रिसॉर्टमधला फिटर दर महिन्याला लाइन रिकामी करून ताजं पाणी भरायचा. माणूस मेहनती, त्याला शिकवलंच तसं होतं. तरी स्ट्रेनर तुंबायचा तो तुंबायचाच. जाळी बाहेर काढली, तर तिच्यावर काजळासारखा मऊ काळा लगदा. लोहचुंबक जवळ नेताच तो काटे उभारून चिकटला. हे मॅग्नेटाइट, म्हणजे पाईपचंच झिजलेलं लोखंड!

साध्या तापमानाला एक लिटर पाण्यात सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. बंद लाइनमध्ये तो लोखंड गंजवण्यात खर्च होऊन संपतो आणि गंजणंही जवळपास थांबतं. पाणी बदललं की नवा प्राणवायू आत. त्यातून इथल्या तलावांचं पाणी पावसाचं, मऊ. पाईपला आतून जपणारा क्षारांचा थर त्याने सहसा बसत नाही.

लोणावळ्याच्या तलावांचं पाणी १९१५ पासून पोलादी नळांतून खोपोलीच्या वीजघरात उतरतं आहे. ते वाहतं पाणी, त्यातला प्राणवायू कोण अडवणार? बंद लाइनीत तो अडवता येतो, आणि ही सोय आपण स्वतःच्या हाताने घालवतो.

रिसॉर्टमध्ये खरी चोरी दोन जागी होती. पंपाचं सील ठिबकत होतं. एक्सपान्शन टँकमधली हवा गेली होती, त्यामुळे पाणी तापून फुगलं की सेफ्टी व्हॉल्व्हमधून बाहेर पडायचं. तेवढंच नवं पाणी मेकअप व्हॉल्व्ह गुपचूप भरायचा. सील बदललं, टँकमध्ये हवा भरली, लाइन एकदा नीट धुतली, लोखंडाला चालणारं गंजरोधक रसायन मोजून घातलं. चुंबकाचा फिल्टरही बसवला.

तुमच्याकडे अशी लाइन असेल, तर मेकअपच्या पाईपवर एक साधं पाण्याचं मीटर बसवा आणि आकडा दर आठवड्याला वहीत लिहा. आकडा वाढत असेल, तर रसायन ओतण्याआधी गळती शोधा.